मानाच्या घोंगडीवरचा कुत्रा

छोट्यांनो, आणि छोट्यांना मांडीवर घेऊन बसलेल्या मोठ्यांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तेव्हाच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी मेंढपाळांचं एक गाव होतं. आणि त्या गावात एका तरुण आईला झोप येत नव्हती.

कारण साधं होतं. तिच्या ओसरीवर एक कुत्रा होता आणि घरात एक लहान मुलगी होती. कुत्रा सारखा उंबरा खरवडायचा. खर्र, खर्र, खर्र. ती कूस बदलायची आणि मनात म्हणायची, 'आज उंबरा खरवडतोय, उद्या माझ्या ठकूला चावला तर?' मग स्वतःलाच रागवायची, 'चावेल कसा? देवासारखा कुत्रा आहे.' आणि लगेच पुन्हा, 'पण चावलाच तर?' आया अशाच असतात. एक काळजी मिटली की तिच्याच पोटातून दुसरी निघते.

हा देवासारखा कुत्रा तिच्या घरी कसा आला, ते आधी सांगते.

त्याचं नाव काजळ्या. अंगाने राखाडी, पण डोळ्यांभोवती काळं, जणू कुणी घाईत काजळ घातलं आणि ते विस्कटलं. ठकूच्या बापाच्या मेंढ्या तो वळायचा. कोणती मेंढी कळप सोडून झुडपात शिरेल, कोणतं कोकरू मागे रेंगाळेल, हे त्याला त्या मेंढीच्या आणि कोकराच्या आधी कळायचं. बापाने शीळ घातली की काजळ्या वाऱ्यासारखा सुटायचा आणि पांगलेला कळप मुठीत धरल्यासारखा गोळा करायचा.

एकदा उन्हं कलताना खिंडीत लांडगे आले. दुसरा कुत्रा असता तर लांडग्यांच्या अंगावर गेला असता. काजळ्या गेला नाही. त्याने सगळ्या गावाच्या मेंढ्या खडकाच्या एका कपारीत दाटीवाटीने कोंबल्या आणि स्वतः कपारीच्या तोंडाशी उभा राहिला. माणसं काठ्या घेऊन पोहोचेपर्यंत उभाच राहिला. त्याचा अर्धा कान गेला, पण एकही कोकरू गेलं नाही.

गावाचे कारभारी म्हातारे होते. सगळे त्यांना आबा म्हणत. आबांनी रक्ताने माखलेल्या काजळ्याला स्वतः उचलून खाली आणलं, आणि गाव गोळा करून सांगितलं, "याला बसता मान द्यायचा."

बसता मान हा त्या गावाचा जुना रिवाज होता. ज्या कुत्र्याने कळप वाचवला, त्याने पुन्हा कधी धावायचं नाही. त्याच्यासाठी नवी घोंगडी विणायची. ज्याच्या कळपात तो वाढला, त्याच्या ओसरीवर ती अंथरायची आणि त्याला तिच्यावर बसवायचं. घास हातावर भरवायचा. त्याला हुकूम करायचा नाही, शीळ घालायची नाही, काही म्हणजे काही करायला लावायचं नाही. जन्मभर वाऱ्यापावसात राबणाऱ्या माणसांना याहून मोठं सुख सुचत नव्हतं. स्वतःला जे कधी मिळालं नाही, तेच त्यांनी काजळ्याला दिलं.

थोड्याच दिवसांत ठकूचा बाप दुसरा तरणा कुत्रा घेऊन दूरच्या कुरणांकडे निघाला. गावाच्या वेशीवर त्याने शीळ घातली. ओसरीवर काजळ्या ताडकन उठला. चार हातांनी त्याला मायेने दाबून पुन्हा खाली बसवलं.

"बस राजा, बस," आबा म्हणाले. "तुझं झालं आता."

पहिले काही दिवस मोठे छान गेले. म्हणजे माणसांचे. येणारा-जाणारा हात जोडायचा, कुणी दूध आणायचं, कुणी तूप लावलेली भाकरी. काजळ्या सगळं खायचा आणि रस्त्याकडे बघत बसायचा. मग एके सकाळी तो उठला, अंगणातल्या कोंबड्या त्याने हलकेच वळवल्या आणि एका कोपऱ्यात अगदी नीट उभ्या केल्या. एक कोंबडी सुटली तर तिला परत आणली. त्या दिवशी कित्येक दिवसांनी त्याचं शेपूट हललं.

आबांनी ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"सूनबाई, मानकरी आणि कोंबड्या वळतोय? लोक काय म्हणतील, मान दिला की चाकरी दिली?"

ठकूच्या आईने कोंबड्या डालून ठेवल्या. मग काजळ्या मुंग्यांची रांग बघत बसायला लागला. ओसरी सारवली तेव्हा मुंग्याही गेल्या. मग तो भिंतीवर हलणाऱ्या सावल्यांवर भुंकू लागला. मग घोंगडीची लोकर उपसू लागला. मग उंबरा. आणि शेवटी त्याने आपलाच पुढचा पाय चाटायला घेतला. चाटून चाटून केस गेले, मग कातडी गेली, आणि लालभडक जखम झाली.

अंगणात एक शेळी बांधलेली असायची. त्या काळी जनावरं आपसांत बोलत; माणसांना ते कळत नसे, इतकंच.

"काय रे ए मानकरी," शेळी म्हणाली, "हातावर तूपभाकरी खातोस आणि वर स्वतःचा पाय खातोस? आमच्या वाट्याला तर वाळका पाला. तुझं दुखतंय तरी काय?"

"पोट भरतं माझं," काजळ्या म्हणाला. "डोकं उपाशी राहतं."

"डोकं? डोक्याला काय चारा लागतो?"

"वाट काढायची असते. हुंगून ओळखायचं असतं. आज कोण चुकेल, कुठे चुकेल, ते ताडायचं असतं. इथे काहीच चुकत नाही. सगळं आपोआप तोंडापाशी येतं."

शेळी थोडा वेळ रवंथ करत राहिली. "मला नाही कळलं," ती म्हणाली. "पण तो पाय सोड."

ठकूच्या आईने आपल्या परीने सगळं केलं. जास्त दूध दिलं. घोंगडीखाली मऊ गवत घातलं. दृष्ट काढली. जखमेवर हळद भरली. लेकरू किरकिरलं की आपणही आधी भूक बघतो, मग पोट, मग कुणाची नजर. त्याला नुसता कंटाळा आला असेल, हे आपल्याला शेवटी सुचतं. सुचलंच तर.

ठकूला मात्र ते सुचायचीही गरज पडली नाही. लोकरीच्या ढिगाजवळ भाकरी खात असताना तिच्या हातून एक तुकडा ढिगात पडला. काजळ्या घोंगडीवरून उतरला. त्याने नाक खुपसलं, फुर्रकन श्वास सोडला, ढीग इकडून तिकडे चाळला आणि तुकडा शोधून काढला. तुकडा खाल्ला, आणि मान वर करून ठकूकडे असा बघत राहिला की तिला हसूच फुटलं. तिने दुसरा तुकडा टाकला. आता जरा खोल.

त्यानंतर रोज दुपारी हाच उद्योग. ठकू वाडगे पालथे घालायची आणि एकाखाली तुकडा ठेवायची. चिंधीत गाठ मारून गाठीत ठेवायची. आईची बांगडी सुपाखाली लपवायची आणि ती काजळ्याने तोंडात धरून आणायची. कधी स्वतःच कणगीमागे दडायची.

"अगं, त्याचा पाय दुखतोय. दमेल ना तो," आई म्हणाली.

"दमत नाही गं. पण तोच तोच खेळ केला की त्याला लगेच कळतं. मग माझ्याकडे असा बघतो, की 'ठके, एवढंच येतं का तुला?'"

आई हसली. मग तिने नीट पाहिलं. खेळ झाल्यावर काजळ्या पाय ताणून निवांत झोपला होता. पाय चाटत नव्हता. उंबरा खरवडत नव्हता. दिवसेंदिवस जखम सुकू लागली, तिच्यावर कोवळे केस आले. घर शांत झालं आणि त्या शांत घरात आईलाही झोप लागू लागली. एकदा तर घरात कुणी नाही असं बघून तिने आपल्या पदराचा फाटका तुकडा सरपणात खोचून ठेवला आणि हळूच म्हणाली, "शोध बघू." काजळ्याने तो आणून तिच्या पायाशी ठेवला. तिला इतका आनंद झाला की तिला स्वतःचीच लाज वाटली.

मग एके दुपारी आबा आले. मानकऱ्यासाठी त्यांनी घरून खीर आणली होती, स्वतः वाटी सांभाळत, न सांडता. अंगणात पाऊल टाकलं तर काजळ्या पालथ्या टोपल्याखाली नाक घालून भाकरीचा तुकडा हुंगत होता. आबांच्या मागून आलेली चार माणसं जागच्या जागी थांबली.

"सूनबाई, हे काय?"

"खेळतोय, आबा."

"खेळतोय की शोधतोय?"

तिने टोपलं उचलून बाजूला ठेवलं.

"ज्याने सगळ्या गावाची कोकरं राखली, त्याला घासासाठी हुंगत फिरवायचं? उकिरड्यावरच्या कुत्र्यासारखं?" आबांचा आवाज चढला नव्हता. उलट तो भरून आला होता, आणि तेच वाईट होतं.

"आबा, त्याला आवडतं ते," ठकू म्हणाली.

"तुला चिखलात लोळायला आवडतं. म्हणून लोळू देतात का तुला?"

चार माणसं हसली. त्या हसण्यातच निवाडा होऊन गेला.

ठकूच्या आईच्या ओठांवर शब्द आले होते. 'आबा, पाय बघा त्याचा, जखम भरलीय.' एवढंच म्हणायचं होतं. पण तिला वाटलं, मला मेलीला एवढं काय कळतं? इतक्या पिढ्या चुकल्या आणि मी तेवढी बरोबर, असं कसं असेल? शिवाय दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बाया म्हणाल्याच, "हिच्या घरची भाकरी आटली वाटतं! कुत्र्याला लपाछपी खेळून पोट भरायला लावते." दुसरी म्हणाली, "बरं आहे बाई, आम्हीही नवऱ्याला ताट लपवून ठेवतो आता." सगळ्या हसल्या. तीही हसली. घागर भरली आणि घरी येऊन ठकूला म्हणाली, "आजपासून तो खेळ बंद."

"पण तो वाट बघतो गं, दुपार झाली की."

"बंद म्हणजे बंद."

काजळ्याने खरंच वाट पाहिली. दुपार झाली की ठकूच्या हाताकडे बघायचा, मग टोपल्याकडे, मग पुन्हा हाताकडे. ठकू हात पाठीमागे लपवून रडायची. काही दिवसांनी त्याने बघणं सोडलं. पायाची जखम पुन्हा उघडली. तो भुंकायला लागला. कुणावर असं नाही, नुसता भुंकायचा, एकाच सुरात, घसा बसेपर्यंत. गावाला त्रास नको म्हणून त्याला खांबाला बांधलं. दोर मऊ होता. मानाचा होता ना.

आणि मग ते घडलं.

मुलं अंगणातून धावत निघाली होती. ठकू सगळ्यांत मागे, कळप सोडलेल्या कोकरासारखी. काजळ्याने हिसका दिला, दोर तुटला, आणि तो सुटला. वाकडं वळण घेऊन तो तिच्या मागून आला आणि त्याने तिच्या टाचेला दात लावले. चुकार कोकराला कळपात परत आणताना तो नेहमी लावायचा तसेच, वरवर. पण कोकराच्या पायावर लोकर असते. ठकूची टाच उघडी होती. रक्ताचा एक थेंब आला.

"चावला!" आई किंचाळली. सगळं गाव धावत आलं.

"नाही चावला," ठकू रडत म्हणाली, "तो मला वळवत होता."

"गप्प बस तू," आई म्हणाली. तिने लेकीला छातीशी घट्ट धरलं होतं. तुमच्या-माझ्या हातून तरी त्या वेळी दुसरं काय झालं असतं, मला सांगता येत नाही.

मानाच्या कुत्र्याला मारायचं नाही, असा रिवाज होता. म्हणून आबांनी ठरवलं की त्याला गावाच्या कडेच्या दगडी खोपटात ठेवायचं, जिथे थंडीत नवी कोकरं ठेवत. घोंगडी तीच, दूधभाकरी तीच, फक्त दार बंद. आबांनी काजळ्याला आत नेलं, त्याच्या कपाळाला हात लावला आणि तोंड फिरवून बाहेर आले. दाराला कडी घातली ती ठकूच्या आईने. तेवढी तिने स्वतःहून घातली. आणि खरं सांगायचं तर त्या रात्री तिला गाढ झोप लागली.

ठकू दिवसभर खोपटाच्या भिंतीला कान लावून बसायची.

"आई, तो आत चालतोय."

"चालू दे. पाय मोकळे होतील."

"एकाच बाजूने चालतोय. गोल गोल."

"जेव आता."

दिवस गेले. भाकरी आत जायची, रिकामं भांडं बाहेर यायचं. आधी भुंकणं ऐकू यायचं, मग कण्हणं, मग फक्त पावलं. गावाला वाटलं, चला, शांत झाला बिचारा.

कुरणं वाळली आणि ठकूचा बाप कळप घेऊन परतला. अंगावरची धूळही न झटकता तो ओसरीवर आला. "काजळ्या कुठाय?"

बायकोने खाली बघितलं. ठकूने बापाचं बोट धरलं आणि त्याला खोपटाकडे नेलं. मागोमाग आबा आले, गाव आलं. बापाने कडी काढली. आत जमिनीवर एक गोल चर पडला होता, पावलांनी खणलेला. त्या चरातून काजळ्या चालत होता. दार उघडलं, उजेड आत आला, तरी तो थांबला नाही.

बापाने त्याला उचललं आणि माळावर नेलं, भर कळपात उभं केलं. मेंढ्यांनी त्याला ओळखलं. त्याने वाचवलेली कोकरं आता मोठी झाली होती. ती त्याला हुंगायला आली. बाप चार पावलं मागे सरला आणि त्याने शीळ घातली, तीच जुनी शीळ, जी ऐकली की काजळ्या वाऱ्यासारखा सुटायचा.

काजळ्याचा अर्धा कान किंचित हलला. मग त्याने डावीकडे पाऊल टाकलं आणि चालायला लागला. मोकळ्या माळावर, चारी दिशा उघड्या असताना, तो बरोबर त्या खोपटाएवढ्याच गोलात फिरत राहिला. कळप बाजूला सरकून त्याला वाट देत होता.

बापाने पुन्हा शीळ घातली. पुन्हा घातली. मग त्याला घालवेना.

आबा गवतात बसले. "आमचा मान कमी पडला का रे?" ते काजळ्याला विचारत होते. "काय कमी केलं आम्ही तुला? सांग ना."  शेळी तिथे असती तर तिला उत्तर देता आलं असतं, पण तिचं बोलणं माणसांना कुठे कळत होतं.

थंडी पडायच्या आत काजळ्या गेला. आबांनी मानाची घोंगडी त्याच्याबरोबर पुरली आणि सांगितलं की या गावात पुन्हा कुणाला बसता मान द्यायचा नाही. पुढे तिथल्या घरांत म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी दुपारी भाकरी लपवून ठेवू लागले, कुणी लोकरीत, कुणी सुपाखाली. आणि त्याला कुणी हसत नसे.

काजळ्याला पुरून आल्यावर ठकूच्या आईने लेकीला जवळ घेतलं. तिला काहीतरी शहाणपणाचं सांगायचं होतं. लेकीला धीर यावा म्हणून. की स्वतःलाच यावा म्हणून, कोण जाणे. ती जे म्हणाली, तेच या गोष्टीचं सार आहे:

"ठकू, ज्या जिवाला आपण घरात घेतो, त्याच्या डोक्यालाही रोज काहीतरी काम द्यायला हवं, नाहीतर कितीही लाड केले तरी तो आतून मरतो."

ठकूने ते नीट ऐकून घेतलं. मग आईच्या तोंडाकडे बघत ती म्हणाली, "हे मला ठाऊक होतं. तुला पण ठाऊक होतं ना गं?"